इंजिन बाहेर आहेच, तर…

मंगळवार, दुपारचे तीन
(स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून. घरात टेकायला दुसरी जागा उरलेली नाही. का, ते पुढे कळेलच.)

चिरंजीव धाकट्यास ताईचे भरघोस आशीर्वाद. (मी सध्या सगळ्या जगावर चिडलेली आहे, पण आशीर्वादात काटकसर करायची माझी पद्धत नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावल्यावर महिन्याच्या आत जिन्याचं घर विकत घेणारा माणूस माझ्या पाहण्यात तूच एक. माझ्या भावजयीचा खोकला गेला का? तिला म्हणावं, गरम पाणी पी आणि तुझ्याशी कमी बोल, निम्मा खोकला तिथेच थांबेल. भाचीची परीक्षा आटोपली असेल. आम्ही दोघं इकडे ठणठणीत आहोत. तू मागच्या पत्रात शेवटच्या ओळीत, अगदी सहज आठवल्यासारखं, विचारलं आहेस की ताई, तू स्वतः गाडी चालवत आमचं नवीन घर बघायला येणार होतीस, त्याचं काय झालं? ती ओळ वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझा दोष नाही. पण आता विचारलंच आहेस तर सगळं ऐकावं लागेल.

बाबांनी जाताना ती गाडी माझ्या नावावर केली, हे तुला माहीत आहे. (तुला तिच्यात बसलं की दुसऱ्या वळणावर मळमळायचं, त्यामुळे तूही कुरकुर केली नाहीस.) गाडी माझी झाली म्हणजे काय झालं, तर आधी मी मागच्या सीटवर बसायचे ती पुढच्या सीटवर बसायला लागले. सहा वर्षं मी माझ्याच गाडीत मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसले आणि तुझ्या दाजींनी ती चालवली. एकोणसाठाव्या वर्षी मी ठरवलं की बस झालं. ह्यांना पत्ता लागू न देता ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागले. तिथल्या मास्तरांनी पहिल्या दिवशी मला आजी म्हटलं आणि शेवटच्या दिवशी मॅडम म्हटलं, यातच काय ते समज. लायसन्स हातात आलं त्या दिवशी जेवताना मी ते ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. ह्यांनी ते उलटून पालटून पाहिलं, उजेडाकडे धरलं, लांब धरलं, अंगठ्याने शिक्का चाचपला. छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस, दुसरं काय करणार? मग म्हणाले, छान. मग ठरलं की पुढच्या रविवारी तुझ्याकडे यायचं, जाताना गाडी मी चालवायची आणि येताना ह्यांनी. मी तुला पत्रही टाकलं. ही सात महिन्यांपूर्वीची गोष्ट.

चौथ्या दिवशी सकाळी हे गाडीखाली पालथे पडलेले दिसले. इंजिनाखाली तेलाचा डाग होता, बशीएवढा. अरे, तो डाग बाबांच्या वेळेपासून आहे, तू आणि मी त्यावर वाळू टाकायचो! पण ह्यांनी त्या डागाच्या जागी, थेंब पडतो तिथे, खात्याची शिक्का मारलेली काचेची नळी लावली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मला बोलावून आकडा वाचायला लावला. (आकडा हल्ली नेहमी मीच वाचायचा. निरीक्षकाने स्वतः घेतलेल्या मापाला साक्षीदार लागतो म्हणे. छत्तीस वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकलं.) चोवीस तासांत अकरा मिलिलिटर. अकरा मिलिलिटर गळणाऱ्या गाडीत बायकोला दीड तासाच्या रस्त्यावर पाठवणं बेजबाबदारपणाचं आहे, असा निर्णय झाला. मिस्त्रींना बोलावणं गेलं. बाबांच्या काळापासून तेच ह्या गाडीचं बघतात, तुला आठवत असतील, बोलताना पाना कानामागे अडकवणारे. त्यांनी सांगितलं की इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गेलंय, सील बोटभर आहे पण ते बदलायला आख्खं इंजिन आणि गिअरबॉक्स खाली काढावं लागतं. दोन दिवसांचं काम. मी तुला दुसरं पत्र टाकलं की रविवार चुकला, पुढचा नक्की.

आणि मग माझ्या आयुष्यात ते वाक्य आलं. इंजिन बाहेर आहेच, तर. हे वाक्य पहिल्यांदा मिस्त्री म्हणाले आणि त्यात खोट काढता येण्यासारखी नव्हती, हे मीही कबूल करते. इंजिन बाहेर आहेच, तर क्लच प्लेट बघून घेऊ, नाहीतर सहा महिन्यांनी तेवढ्यासाठी पुन्हा सगळं काढावं लागेल. बरोबर. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते पिचले होते, ते बदलून घेऊ. तेही बरोबर. वॉटर पंप, पाण्याचे होज, पंख्याचा पट्टा, हेही एरवी हात घालायला अवघड, ते झालं. मग हे म्हणायला लागले. इंजिन बाहेर आहेच, तर बॉनेटखालचा रिकामा झालेला पत्रा घासून रंगवून घेऊ. पत्रा रंगवायचा तर वायरिंग मध्ये येतं, ते सोडवू. वायरिंग सोडवलंच आहे तर नवं करू. ब्रेकचे पाइप तिथूनच जातात, ते का सोडा. स्टिअरिंगचा डबा एरवी कधी दिसत नाही, आता दिसतोय, तर उघडून ग्रीस भरू. माझी गाडी दोन दिवसांसाठी दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांनी दिसेल तो अवयव बाहेर काढून टेबलावर मांडला. आपलं दुखणं काय होतं हे आता तिलाही आठवत नसेल.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण इंजिन बाहेर आहेच, तर ते उघडूनही बघू, असं निघालं. मिस्त्रींनी चारही पिस्टन काढून रॉकेलने धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने ठेवले आणि चहा प्यायला बसले. तेवढ्या वेळात ह्यांनी माळ्यावरून खात्याच्या निरोपसमारंभात मिळालेला तराजू काढला. पिस्टन तोलले. तीन सारखे भरले आणि चौथा नऊ ग्रॅम कमी भरला. मला साक्षीदार म्हणून स्वयंपाक टाकून यावं लागलं. नऊच ग्रॅम. मिस्त्री म्हणाले की साहेब, ही गाडी चाळीस वर्षं ह्याच पिस्टनवर चाललीय. त्यावर हे म्हणाले की म्हणजे चाळीस वर्षं माप मारलं. आणि मिस्त्रींकडे असं बघायला लागले की जणू ते नऊ ग्रॅम मिस्त्रींच्या खिशात आहेत.

त्यानंतर पान्याचं भांडण झालं. बोल्ट किती घट्ट झाला हे दाखवणारा एक पाना असतो. मिस्त्रींकडे तो आहे, पण ते तो वापरत नाहीत, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या दंडाला कळतं. दंडाला कळतं हे ऐकून ह्यांचा चेहरा जो झाला तो मी लग्नानंतर एकदाच पाहिला होता, एका दुकानदाराने वजनाऐवजी दगड ठेवला होता तेव्हा. ह्यांनी मिस्त्रींचा पाना मागून घेतला, तो खिडकीच्या गजाला अडकवला, त्याच्या दांड्याला मोजून अंतरावर खात्याची वजनं टांगली आणि तो पानाच सात टक्के खोटा ठरवला. ठरवला तो ठरवला, वर त्याला सुतळीने नापासाची चिठ्ठी बांधून परत दिला. मिस्त्री अकरा दिवस आले नाहीत. शेवटी मी त्यांच्या शेडवर गेले, तिथल्या उलट्या डब्यावर बसले, ह्यांच्या वतीने क्षमा मागितली, त्यांच्या दंडाची स्तुती केली आणि त्यांना घेऊन आले. माझ्या गाडीसाठी मी परक्या माणसाच्या दंडाची स्तुती केली, धाकट्या. हे दिवस आले.

आता इंजिन कुठे आहे ते विचार. बाहेरच्या खोलीत आहे. मिस्त्रींच्या शेडमध्ये ठेवायचं तर तिथली सगळी मापं खोटी, म्हणून चार माणसं लावून, चेनपुलीला टांगून ते आमच्या ओट्यावर आणि तिथून लाकडी घोडीवर बाहेरच्या खोलीत आलं. त्याच्यासाठी सोफा हलवावा लागला. सोफा हलला तेव्हा हे म्हणाले की सोफा बाहेर आहेच, तर त्याच्या स्प्रिंगा बघून घेऊ. सोफा गेला. सोफ्यामागची भिंत उघडी पडली, तिला ओल होती. भिंत मोकळी आहेच, तर गिलावा काढून नवा करू. गिलाव्याबरोबर दिव्याचं बटण निघालं. त्यामुळे बाहेरच्या खोलीत दिवा नाही, सोफा नाही, भिंतीला कातडं नाही आणि मधोमध इंजिन. येणारेजाणारे त्याच्यावर कपबशा ठेवतात. परवा एक बाई वर्गणी मागायला आल्या, त्या अंधारात त्यालाच नमस्कार करून निघाल्या होत्या.

आणि गाडी अंगणात. इंजिनाचं ओझं गेल्यामुळे तिचं नाक वर झालंय, कोणाशी भांडल्यासारखी दिसते. मी रोज संध्याकाळी तिच्यात जाऊन बसते, सवय जाऊ नये म्हणून. क्लच दाबते, तो कशालाच जोडलेला नाही, खटकन् खाली जातो. गिअरचा दांडा नुसता डुलतो. आरसा नीट करते, त्यात मला माझंच रागावलेलं तोंड दिसतं. शेजारची मुलं आधी हसायची, आता तीही हसत नाहीत. गेल्या आठवड्यात मी ह्यांना सरळ विचारलं.

"काम कधी संपणार?"

"इंजिन आत गेलं की."

"आणि इंजिन आत कधी जाणार?"

"काम संपलं की."

असं म्हणून ते कामांची यादी लिहायला बसले. त्या वहीवर मोठ्या अक्षरात 'इंजिन बाहेर असताना करून घ्यायची कामे' असं लिहिलेलं आहे. सुरुवातीला आठ कामं होती, परवा मी मोजली तर सदतीस. चौतिसावं काम काय, तर डिकीच्या कुलपाला तेल. डिकी मागे असते. डिकीचा आणि इंजिनाचा संबंध काय? मी विचारलंसुद्धा नाही. मी हात टेकले. ह्या घरात मी पुन्हा त्या गाडीचं नाव काढणार नाही. लायसन्स कपाटात ठेवून दिलंय. तुझं घर बघायला मी बसने येईन, नाहीतर येणारच नाही, तू फोटो पाठव.

ह्यांना मात्र मी तुझ्याकडे पाठवते आहे. तूच लिहिलं होतंस ना, बिल्डरने खोल्यांमध्ये वीत-वीत माप मारल्याचा तुला संशय आहे म्हणून? मी हे वाक्य ह्यांना वाचून दाखवलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा ह्यांनी इंजिनाकडे पाठ फिरवली. शुक्रवारी सकाळच्या बसने येतील. घ्यायला स्टँडवर जा, कारण बरोबर मापांच्या दोन जड पेट्या आहेत. प्रत्येक खोली मोजू दे, कर्णरेषेतही मोजू दे. जिना मोजू दे. चार दिवस ठेवून घे. तेवढं मला घर झाडता येईल आणि चार दिवस ते वाक्य ऐकावं लागणार नाही. पत्रही त्यांच्याच हाती देते आहे. वाचलं म्हणून मला काही फरक पडत नाही, तोंडावर बोलून झालेलंच सगळं लिहिलंय.

भावजयीला आणि भाचीला आशीर्वाद. गुडघ्याला जप.

तुझी,
(संतापलेली) ताई

ता. क. : ह्यांना पोळणारा चहा चालत नाही आणि उशी एकच लागते. मोजताना मध्ये बोलू नका.

ता. क. दुसरा : हा कागद वेगळा आहे आणि मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलाय. वरचं पत्र मोठ्या, ठसठशीत अक्षरात आहे, ते त्यांच्यादेखत मोठ्याने वाच, रंगवून वाच, पिस्टनच्या ठिकाणी हस. हा कागद वाचताना मात्र हिशेबाचं बिल असल्यासारखा चेहरा कर आणि खिशात टाक. त्यांनी हातात घेतला तरी काळजी नाही. त्यांना हे अक्षर वाचता येणार नाही.

ते कसं, ते सांगते. गेल्या बुधवारी हे बाजारात गेले होते तेव्हा मी मिस्त्रींना गाठलं आणि म्हटलं की आता मला खरं सांगा. ते पान्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "बाई, काम तर दोन महिन्यांपूर्वीच संपलंय. साहेब रोज सकाळी एक बोल्ट सैल करून ठेवतात आणि दुपारी मला घट्ट करायला लावतात." मी म्हटलं का? तर म्हणाले की ते चष्म्याच्या दुकानात विचारा, मी शब्द दिलाय. मी तशीच पायात चपला सरकवून चष्मेवाल्याकडे गेले. त्याला वाटलं मला सगळं माहीत आहे, म्हणून तो आधी मलाच धीर द्यायला लागला.

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आलाय. कडेकडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं. चष्म्याने सुधारत नाही, वाढू नये एवढंच औषधाने बघायचं. लायसन्स नवं करायला गेले तेव्हा तपासणीत भिंतीवरच्या तक्त्याची तिसरी ओळ वाचता आली नाही. ह्यांनी काय केलं असेल? खिशातून टेप काढला आणि तक्ता नियमापेक्षा दोन बोटं लांब टांगलाय असं म्हणून वाद घातला. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी खुर्ची पुढे घेतली. तरी ओळ वाचता आली नाही. ही गोष्ट माझ्या लायसन्सच्या आदल्या आठवड्यातली, आणि मी आपली ऐटीत म्हणाले होते की येताना तुम्ही चालवायची. इंजिन आत गेलं असतं तर त्या रविवारी तुझ्या दारात ह्यांना सांगावं लागलं असतं. दुसऱ्यांची मापं नापास करण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हे सांगता आलं नाही. मिस्त्रींना सांगितलं, चष्मेवाल्याला सांगितलं, मला नाही. याचा मला फार राग आला आहे, आणि हा राग खरा आहे, वरचा सगळा त्याच्यापुढे काहीच नाही. दुकानातून घरी येताना मी रस्त्यात उभी राहून रडले. सात महिने मी ह्या माणसाकडे डोळे वटारून बघत होते आणि समोरच्याचा चेहरा तेवढाच त्यांना दिसत नव्हता.

म्हणून चार दिवस. शुक्रवारी ते बसमध्ये बसले की मिस्त्री येतील. (इंजिन आत जातंच आहे, तर मीही एक काम सांगितलंय, माझी सीट चार बोटं पुढे घ्यायला.) बोल्ट ते दंडानेच घट्ट करणार आहेत, मी मान्यता दिली आहे. तुझ्याकडे मोजताना टेप ह्यांना धरू दे, आकडे तू वाच, साक्षीदार लागतो म्हणाले तर लगेच हो म्हण. मंगळवारी दुपारी मी गाडी घेऊन तुझ्या दारात येईन. ते भडकतील. मला न विचारता इंजिन बसवलं, पाना तपासला नाही, हिने कोणाचं म्हणून ऐकलं नाही, असं सगळ्या घरासमोर बोलतील. बोलू दे. तूही त्यांच्याच बाजूने बोल, ताई पहिल्यापासून हट्टीच आहे म्हण. येताना किल्ली मी देणारच नाही, भांडेन, तुमच्या सगळ्यांदेखत भांडेन, म्हणजे बायकोने चालवू दिलं नाही एवढंच त्यांना लोकांना सांगावं लागेल. पुढे कधी आपणहून सांगितलं तर सांगितलं. तोवर मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा : तुझं गेट अरुंद आहे आणि मला गाडी उलटी घेणं अजून नीट जमत नाही, मास्तरांनी त्यात मला कसंबसं पास केलंय. कुंड्या आत घे, तुझी स्कूटर शेजारी लाव. 'येऊ दे, येऊ दे' म्हणायला तू पुढे येऊ नकोस. बाजूला ह्यांनाच उभं कर. ते म्हणतील तशी मी गाडी मागे घेत राहीन. भिंत माझी मी बघेन.